लेकाकडे जायचंय, पण किती दिवस?

मागच्या अंकात माझ्या मेलबर्नच्या मुक्कामाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी सहज म्हणून गेले, की व्हिसाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. परवा संपादकांनी पत्रांची पिशवीच घरी पाठवून दिली. निम्म्या पत्रांत एकच विचारणा: 'कुठल्या एजंटकडे जावं?' त्या सगळ्यांना एकत्रच सांगते, मला माहीत नाही, कारण मी गेलेच नाही. मी वकीलही नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर २९ वर्षं बसले, अर्ज घेत आणि अर्ज परत करत. त्यामुळे परक्या देशाचा फॉर्म बघून छातीत धडकी भरत नाही. कारकून इथून तिथून सारखाच, त्याला रकान्यात बसणारा कागद हवा असतो. फीचे आकडे मात्र सारखे हलतात. पैसे भरायच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर बघा, माझ्यावर विसंबू नका.

प्रश्न : मुलगा सात वर्षं मेलबर्नला आहे, पीआर (तिथला कायमचा रहिवासी) झालाय. मला तीन अपत्यं, दोन्ही मुली इकडेच, एक कोल्हापूरला आणि एक विट्याला. मुलगा म्हणतो, 'आधी पाच वर्षांचा व्हिसा काढू, मग तिथूनच कायमचं करून घेऊ.' हे जमेल का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पहिलं अर्धं जमेल, दुसरं नाही.

मुलगा म्हणतोय तो व्हिसा ८७० नंबरचा. पालकांसाठीचा, पण तात्पुरता. २०१९ साली सुरू झाला. तीन वर्षांचा किंवा पाच वर्षांचा मिळतो आणि सगळे मुक्काम मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं. एक संपला की लगेच दुसरा नाही, मध्ये सलग ९० दिवस ऑस्ट्रेलियाच्या बाहेर काढावे लागतात. वर्षाला असे १५,००० व्हिसाच देतात. नोकरी करता येत नाही. आणि कायमच्या वास्तव्याच्या रांगेत हा व्हिसा तुम्हाला उभं करत नाही.

कायमच्या पालक व्हिसाला वेगळी चाळणी आहे. तुमची निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशात आहेत त्यापेक्षा जास्त तिथे हवीत. तुमचा एक तिथे, दोघी इथे. गणित तिथेच संपलं. चाळणीतून पार पडणाऱ्यांचीही गत फार बरी नाही. स्वस्तातल्या रांगेत तीसेक वर्षं जातात, आणि लवकरच्या रांगेला माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजावे लागतात. ८७० ला मुलं मोजत नाहीत. तुमच्यासारख्यांना त्याचा हाच मोठा फायदा.

आता क्रम. आधी मुलाने प्रायोजक म्हणून मंजुरी घ्यायची, ती आली की तुम्ही अर्ज करायचा. नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन, फी दोन. मुलगा नागरिक किंवा पीआरधारक हवा आणि निदान चार वर्षं तिथे राहिलेला हवा. ते तुमच्याकडे आहे. त्याचं करपात्र उत्पन्न वर्षाला ८३,४५४ डॉलर ८० सेंट तरी हवं. (हे ८० सेंट कुणी घातले असतील, याचा मी बराच विचार केला. आमच्याकडेही दाखल्याची फी पूर्वी अशीच पैशांत असायची.) एकट्याचं कमी पडलं तर सुनेचं त्यात धरता येतं. फी सुरुवातीला तीन वर्षांना ५,००० आणि पाच वर्षांना १०,००० डॉलर होती, पुढे ती वाढत गेली. आम्ही दोघांनी २०२३ मध्ये तीन-तीन वर्षांचा काढला, तेव्हा दोघांचे मिळून दहा हजारांच्या वर गेले. थोडी रक्कम अर्जाबरोबर भरायची आणि उरलेली व्हिसा द्यायचं ठरल्यावर. आरोग्य विमा सक्तीचा. तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच, आपल्या घरच्या डॉक्टरांचं पत्र तिथे चालत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला उपाशीपोटी हजर झालो होतो. ह्यांना वाटलं रक्त उपाशीपोटी घेतात. तिथे गेल्यावर कळलं, उपाशी यायला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक नियम मात्र फार कमी जण वाचतात, आणि भांडण नेमकं त्याच्यावरून होतं. एका घराला एका वेळी दोनच पालक ८७० वर बोलावता येतात. म्हणजे तुम्ही दोघं पाच वर्षं तिथे, की सुनेच्या आई-वडिलांना तेवढा काळ त्या व्हिसाचं दार बंद. त्यांना साधा पाहुण्यांचा व्हिसा, ६०० नंबरचा, काढून तीन किंवा सहा महिने, फार तर वर्षभर यायचं. आमच्या घरी हे आम्हाला व्हिसा हातात पडल्यावर कळलं. सून काही बोलली नाही, पण आमच्या विहीणबाई इचलकरंजीहून फोनवर म्हणाल्या, 'बरंय, तुमचा मुलगा आहे ना.' तो सूर अजून कानात आहे. म्हणून सांगते, फॉर्मला हात लावायच्या आधी सुनेला विचारा, तिच्या आई-वडिलांचं काय ठरलंय. मुलाला नाही, सुनेला.

आणि पाचाचा काढण्याऐवजी तीनाचा काढा. मी २०१९ च्या जुलैत साध्या ६०० वर पहिल्यांदा गेले होते. ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलाला ५७ फूट गाठले आणि गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. तिथे बाहेर चार अंश थंडी, मी स्वेटर घालून मोबाइलवर आमच्या गल्लीत चाललेली बोट बघत होते. शेजारच्या पोराने कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली म्हणून वाचली. इथे घर आहे, इथे मुली आहेत. तीन वर्षांच्या व्हिसावरही जा-ये करता येते, मधून मधून येत राहा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला आहे, जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. साताऱ्यातले एक एजंट म्हणाले, 'बाळंतपणाला जातेय असं मुलाखतीत सांगू नका, कामाला निघालात असं समजतील. फिरायला जातेय म्हणा.' शिवाय खात्यावर पाच लाख दाखवा म्हणाले, ते पंधरा दिवसांसाठी मिळवून देतील. काय करू? – एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, त्या एजंटला रामराम करा.

अमेरिकेचा बी-२ व्हिसा फिरायला आणि नातेवाइकांना भेटायला, दोन्हीसाठी आहे. लेकीचं बाळंतपण हे आईला जायचं सगळ्यांत सरळ कारण, ते लपवायचं कशाला? पगार घेऊन दुसऱ्याची मुलं सांभाळली तर ते काम. तुम्ही लेकीला डिंकाचे लाडू करून घालणार, त्याला कुणी नोकरी म्हणत नाही. उलट 'फिरायला' म्हणालात आणि अधिकाऱ्याने विचारलं, काय काय बघणार, जानेवारीच्या बर्फात का, तर तुम्ही अडखळणार. त्या काचेमागच्या माणसाने दिवसभरात शंभर जण पाहिलेले असतात.

त्यांच्या कायद्याची रीत अशी, की तुम्ही कायमचंच राहायला निघालात असं आधी धरायचं आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं. म्हणून तुमच्या लेकीचा पगार किती यापेक्षा तुमचं इथे काय आहे हे महत्त्वाचं. घर, शेताचा सातबारा, पेन्शन, मालक, दुसरी मुलं. हे सगळं कागदावर नेलंत तरी बघतीलच असं नाही. बहुतेक वेळा दोन-तीन प्रश्नांत काम आटोपतं. मी शेजारच्या एका बाईंची तयारी करून घेतली होती, तेव्हा त्यांना एवढंच घोकायला लावलं: मुलगी काय करते, किती दिवस जाणार, मागे कोण आहे. उत्तर एका वाक्यात. 'मुलीची डिलिव्हरी आहे, चार महिने राहणार, मग मालकांकडे परत, त्यांना शुगर आहे.' मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोटांचे ठसे वेगळ्या केंद्रात, आधी द्यायचे. मुलाखत मराठीत देता येते, इंग्रजीची उसनवारी नको. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो सांभाळायला कुणीतरी बरोबर न्या. फी १८५ डॉलर, आणि नकार आला तर ती गेली.

उसने पाच लाख तर मुळीच नकोत. खाते उताऱ्यात वर्षभर पेन्शनच्या रकमा आणि शेवटच्या आठवड्यात एकदम पाच लाख, हे आमच्या पतपेढीतल्या पोरालाही कळेल. आणि खोटं सांगितल्याचा शेरा एकदा बसला की तो पुढच्या प्रत्येक अर्जावर तुमच्या आधी जाऊन बसतो.

पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का मिळेल. त्याचा अर्थ दहा वर्षांत कधीही या, एवढाच. एका वेळी किती दिवस राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेक सहा महिने देतात आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जावयाला ती ऑनलाइन काढून फ्रिजवर चिकटवायला सांगा. ती ओलांडली तर व्हिसा बाद होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त ओलांडली तर तीन वर्षं बंदी, वर्षभर ओलांडली तर दहा. नात किती गोड आहे, याने त्यात फरक पडत नाही.

विमा तिथे सक्तीचा नाही. तरी घ्याच.

प्रश्न : मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नावच नाही, रकाना कोरा आहे. आईचं नाव 'कमल' आहे आणि तिच्या पासपोर्टवर 'कमलाबाई'. नातं सिद्ध करा म्हणतात, आता काय करायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर : हे पत्र वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं.

तो रकाना कोरा का राहतो ते आधी ऐका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि दवाखाना ती तीन-चार दिवसांतच पाठवून देतो. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. मग नोंदवहीत काय लिहायचं? 'पुरुष', वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता, आणि बाळाच्या नावाच्या जागी काही नाही. नंतर येऊन नाव घालून जायचं असतं. कोण येतो? बाळंतीण माहेरी, वडील नोकरीला, आजोबा म्हणतात बघू. माझ्या वहीत पानंच्या पानं अशी होती, बिननावाच्या पोरांची. त्यातली किती आज कॅलिफोर्नियात असतील देव जाणे. वीस-पंचवीस वर्षांनी एखादा टाय लावलेला मुलगा यायचा आणि मी त्याची नोंद काढून त्याला दाखवायचे, तर तो स्वतःचं नाव शोधत बसायचा.

नाव घालायला नियमात १५ वर्षांची मुदत आहे. मध्यंतरी शासनाने ती वाढवूनही दिली होती. ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तिथेच जा, दुसरीकडे कुणी करू शकत नाही. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्या. मात्र व्हिसासाठी याच्यावर अडून बसू नका. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात, आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची. हे तीन पासपोर्ट एकमेकांशी जुळले, तर कोरा दाखला त्यांच्या सोबतीने चालून जातो. एक छोटं पत्र जोडा: 'नोंद नामकरणाआधी झाली, म्हणून नाव नाही.' एवढंच, रडगाणं नको.

'कमल' आणि 'कमलाबाई'चं मात्र बघावं लागेल. आपल्या बायकांच्या नावाचा घोळ तीन ठिकाणी होतो. माहेरचं नाव, लग्नातलं बदललेलं नाव, आणि मधलं नाव. कधी मधे वडील, कधी नवरा. परदेशात मधलं नाव ही भानगड कळत नाही, ते पहिलं नाव आणि आडनाव बघतात. माझ्याच तिकिटावर मुलाने मधलं नाव गाळलं, पासपोर्टवर ते होतं, आणि विमानतळाच्या काउंटरवर अर्धा तास माझी चौकशी झाली. तेव्हा जिथे जिथे नाव वेगळं आहे ते सगळे कागद समोर मांडा आणि पासपोर्टवरचं अक्षरन् अक्षर खरं धरून बाकीचे त्याला जुळवा. फरक एवढासाच असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. नाव अगदीच वेगळं असेल तर राजपत्रात बदल प्रसिद्ध करून घ्या, आता तो अर्ज ऑनलाइन होतो. नुसता मराठीत असलेला प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासह लावायचा, आणि भाषांतर घरच्या माणसाने करायचं नाही.

प्रश्न : मुलगा ब्रॅम्प्टनला पीआर आहे, आमचा सुपर व्हिसा करतोय. माझं वय ७१, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. विमा मिळेल का? कॅनडातला घ्यायचा की इथला? – एक वाचक, फलटण

उत्तर : विमा मिळेल. कसला मिळेल, हे बघायचं.

सुपर व्हिसा म्हणजे मुलांकडे लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्या आई-वडिलांचा व्हिसा, कॅनडाने तो २०११ च्या डिसेंबरात सुरू केला. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं, २०२२ च्या जुलैपासून पाच वर्षं राहता येतं. शिवाय दोन वर्षं तिथूनच वाढवून मागता येतात. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळतो. मुलाचं उत्पन्न तिथल्या सरकारच्या तक्त्यापेक्षा कमी नको, आणि तो तक्ता घरातल्या माणसांच्या संख्येवर चालतो. त्यात मुलगा, सून, नातवंडं आणि तुम्ही दोघंही मोजायचे. वैद्यकीय तपासणी त्यांच्याच यादीतल्या डॉक्टरांकडे.

विम्याची अट साधी दिसते. निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, पोचल्यापासून निदान एक वर्ष. पैसे भरल्याचा पुरावा लागतो, नुसतं कोटेशन चालत नाही. हप्त्याने भरलं तर चालतं. पूर्वी कॅनडाच्याच कंपनीचा लागायचा. २०२५ च्या जानेवारीपासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण ती कॅनडाच्या नियामकाने मान्य केलेली हवी. इथल्या ओळखीच्या विमा प्रतिनिधीचा 'परदेश प्रवास विमा' त्यात बसेलच असं नाही. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळतो ना, हे आधी विचारून घ्या.

आता तुमच्या अँजिओप्लास्टीचं. पॉलिसीत एक शब्द शोधा, 'स्टेबल'. आधीपासूनचा आजार ठरावीक दिवस 'स्टेबल' असेल तरच त्याचा खर्च मिळतो. कुठे ९० दिवस, कुठे १८०. आणि स्टेबलचा अर्थ 'मला बरं वाटतंय' असा नाही. त्या दिवसांत नवीन गोळी सुरू नको, जुनी बंद नको, डोस वाढलेला नको, आणि कमी झालेलाही नको.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान या शब्दात अडकले. निघायच्या तीन आठवडे आधी सगळे करतात तसं ते डॉक्टरांना दाखवायला गेले. बीपी जरा कमी लागलं, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. चांगलीच बातमी, घरी आल्यावर त्यांनी खीर करायला सांगितली. तिथे पोचल्यावर दुसऱ्या महिन्यात रात्री छाती जड झाली, दोन रात्री दवाखान्यात काढल्या. कंपनीने इथली औषधाची चिठ्ठी मागवली, तारीख पाहिली, अर्धी गोळी पाहिली आणि दावा फेटाळला. भाच्याने ते बिल हप्त्याने फेडलं. मी ती चिठ्ठी पाहिलीय. पेनाने एका आकड्यावर काट मारून शेजारी दुसरा लिहिलाय, बस.

म्हणून तुम्ही काय करा, डॉक्टरांकडे आत्ताच जा, निघायच्या तोंडावर नको. गोळ्यांची जी फेरफार करायची ती आत्ता करून घ्या आणि मग पॉलिसीत लिहिलेत तेवढे दिवस जाऊ द्या. त्या मुदतीत खरंच काही बदललं तर गोळी लपवू नका आणि टाळूही नका, तिकीट पुढे ढकला. अर्जात अँजिओप्लास्टी लिहा, तारखेसकट. हप्ता जास्त बसेल. बसू दे. आणि औषधं मूळ पाकिटात न्या, सोबत डॉक्टरांची टाइप केलेली यादी. आपल्या डॉक्टरांचं अक्षर तिकडचं औषधाचं दुकान वाचू शकत नाही, इकडचं तरी कुठे वाचतं.

प्रश्न : मुलगा कॅनडात विद्यार्थी परवान्यावर आहे. आम्हाला सुपर व्हिसा? – एक वाचक, कराड

उत्तर : नाही. त्याला मुलगा नागरिक किंवा पीआर हवा. तुम्ही साध्या पाहुण्यांच्या व्हिसावर जा, त्यावर बहुतेक सहा महिने राहता येतं. पदवीदान समारंभाला जा, परत या.

प्रश्न : मला पोळ्या उत्तम येतात. सुनेच्या ओळखीत डब्याची मागणी आहे. तिकडे घरबसल्या थोडं केलं तर? – एक आजी, वाई

उत्तर : आजी, नको. पैसे हातावर आले की ते काम, मग ते डॉलर असोत की भिशीचा हप्ता. शेजारणीला पोळी खाऊ घाला, तिच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तेव्हा आम्ही मेलबर्नला असणार. पेन्शन बंद पडेल? – एक वाचक, तासगाव

उत्तर : दाखला वेळेत पोचला नाही तर थांबेल, दिलात की मागच्या रकमेसकट सुरू होईल. पण तोवर इथल्या विजेचं बिल कोण भरणार? तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात पासपोर्ट घेऊन गेलात की तो दाखला साक्षांकित करून देतात. निघायच्या आधी बँकेत जा आणि विचारा, कुठल्या नमुन्यात हवा, टपालाने चालेल का. उत्तर तोंडी घेऊ नका, त्या साहेबांना अर्जाच्या प्रतीवर लिहून सही करायला सांगा. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे, मला माहीत आहे तोंडी उत्तराचं काय होतं.

प्रश्न : सूनबाई म्हणते, येताना मोती चौकातले कंदी पेढे दोन किलो आणा. ऑस्ट्रेलियात नेता येतात ना? सासूबाईंनी लोणचंही भरून दिलंय. – एक वाचक, सातारा

उत्तर : पेढे नाहीत. दुधाची मिठाई तिथे आणू देत नाहीत, कारण आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकूत होतो आणि त्यांच्याकडे तो नाही. तिथे गुराढोरांचा धंदा मोठा, ते घाबरणारच.

२०१९ ला मीही नेले होते, अर्धा किलो. विमानात एक कार्ड भरायला देतात, खाण्याचं काही आहे का. मुलाने फोनवर बजावलं होतं, आई, 'हो' लिही, काहीही असलं तरी 'हो' लिही. मी 'हो' लिहिलं. वेगळ्या रांगेत लावलं. एका तरुण मुलीने माझी पिशवी उघडून एकेक पुडी टेबलावर मांडली. हळदीची पुडी उघडली, वास घेतला, भिंगाने पाहिली आणि परत दिली. लोणच्याची बरणी उलटी करून बघितली, परत दिली. मग पेढ्यांचा खोका. तिने विचारलं, 'मिल्क?' मी म्हटलं, 'मिल्क. सातारा.' तिने मान हलवली आणि खोका पिवळ्या डब्यात टाकला. दंड नाही, कारण मी लिहून दिलं होतं. माझ्या पुढच्या गृहस्थांनी 'नाही' लिहिलं होतं आणि त्यांच्या बॅगेत चितळ्यांची बर्फी निघाली. ते अजून तिथे उभे होते तेव्हा मी बाहेर पडले.

लोणचं नेलंत तर कार्डावर लिहा. पेढे इथेच खाऊन निघा.